वादो पर्व: तांबे सापडले, नाणे निघाले, पण लोक घेईनात

विचारलेला प्रश्न असा आहे: एका परदेशी लिलावाच्या यादीत चौकोनी भोकाचे तांब्याचे नाणे आहे. खाली लिहिले आहे, ‘वादो पर्व, इ.स. ७०८, जपानचे पहिले नाणे’. हा वादो कोण राजा, नाणे खरोखर पहिले आहे का, आणि ते घ्यावे का?

पूर्व आशियातली ओतीव नाणी पाहणे, तोलणे आणि ओळखून देणे हे माझे रोजचे काम. ‘घ्यावे का’ याचे उत्तर दोन ओळींत देता येईल, पण तेवढ्याने तुमच्या हाती काही लागणार नाही. नाणे ज्या सात-आठ वर्षांत जन्मले ती वर्षे आधी कळायला हवीत. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. वादो म्हणजे तांबे सापडल्याच्या आनंदात सुरू झालेले सुबत्तेचे पर्व, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. मला मात्र ते तिजोरीत पुरेसे नसताना अख्खी राजधानी बांधायला निघालेल्या सरकारचे पर्व वाटते. नाणे ही त्या सरकारची सोय होती. लोकांनी ती सोय बरीच वर्षे स्वीकारली नाही.

वादो हा राजा नव्हे, ठिकाणही नव्हे. ते कालखंडाचे नाव आहे, इ.स. ७०८ ते ७१५. जपानचा दरबार वर्षांना नाव देत असे, आणि नाव बदलले की मोजणी पुन्हा एकपासून. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, त्या जातीची ही गोष्ट. पण जपानमध्ये एकाच राजाच्या कारकिर्दीत दोन-तीनदा नाव बदलणे सर्रास चाले. शुभशकुन झाला, साथ आली, नवा राजा बसला, की बदल. एक सम्राट, एक नाव हा नियम १८६८ नंतरचा. सध्याचे रेइवा पर्व २०१९ पासून सुरू आहे. पहिले पर्व ताइका, इ.स. ६४५ चे. मग मध्ये मोठे खंड पडले, आणि ७०१ च्या ताइहोपासून आजपर्यंत ही साखळी तुटलेली नाही. वादोचे वर्ष इसवी सनात आणायचे तर ७०७ मिळवा: वादो ५ म्हणजे ७१२. महिने मात्र जुन्या चांद्र पंचांगाचे आहेत, त्यामुळे वर्षअखेरीच्या तारखा कधी कधी पुढच्या इसवी सनात सरकतात. खाली मी जे महिने देतो ते त्याच पंचांगातले आहेत.

शकुनांबद्दल एक गंमत आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय वादोकडे बघण्याची नजर येत नाही. ताइहो हे पर्व त्सुशिमा बेटावरून सोने आल्याच्या आनंदात जाहीर झाले होते. मिता नो इत्सुसे नावाच्या माणसाने ते सोने काढून दिले, त्याला आणि इतरांना बक्षिसी मिळाली. पुढे उघड झाले की सगळी फसवणूक होती. ही नोंद कुणा टीकाकाराची नाही. ७९७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शोकु निहोंगी’ या दरबारी इतिहासातच ती आहे. फसवणूक कळली तरी पर्वाचे नाव कुणी मागे घेतले नाही. त्यानंतरचे केइउन पर्व शुभ ढग दिसला म्हणून आले. आणि मग तांबे.

७०८ च्या पहिल्या महिन्याच्या ११ तारखेला मुसाशी प्रांतातल्या चिचिबु भागातून दरबारात तांबे आले. हा भाग आज सैतामा प्रांतात, तोक्योच्या वायव्येला, डोंगरांच्या कुशीत आहे. हे तांबे खनिजातून गाळून काढलेले नव्हते, जमिनीत धातूच्याच रूपात मिळालेले होते. म्हणूनच त्याचे एवढे कौतुक. त्याच दिवशी पर्वाचे नाव बदलले, कैद्यांना माफी मिळाली, चिचिबुला त्या वर्षीचा कर माफ झाला, आणि तिघांना एकदम वरचा दर्जा मिळाला. त्या तिघांतल्या एकाचे आडनाव किम आहे, म्हणजे घराणे कोरियातल्या शिल्ला राज्याकडचे. धातूचे काम जाणणारी कितीतरी घराणी समुद्रापलीकडून आलेली होती; या एका आडनावात ते दिसते. आजही चिचिबुच्या कुरोया भागात गेलात तर ती जागा दाखवतात. तिथे नाण्याचे भलेमोठे शिल्प आहे, रेल्वे स्थानकाच्या नावातच वादो आहे, आणि शेजारी हिजिरी देवस्थान आहे. पैसा मिळावा म्हणून तिथे माणसे नवस बोलायला जातात.

गादीवर तेव्हा सम्राज्ञी गेन्मेई होती. मुलगा मोन्मु ७०७ मध्ये पंचविशीत गेला. नातू ओबितो, पुढचा सम्राट शोमु, तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्याच्यासाठी जागा धरून ठेवायला आजी गादीवर बसली. ओबितोची आई फुजिवारा नो फुहितोची मुलगी, आणि हा फुहितो वादोच्या पहिल्याच वर्षी उजवा मंत्री, म्हणजे दरबारातल्या सर्वांत वरच्या मंत्र्यांपैकी एक, झाला. पुढची कित्येक शतके जपानच्या राजकारणावर ज्या फुजिवारा घराण्याची छाया आहे, त्याचा पाया या माणसाने घातला.

आता तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. पहिल्या महिन्याच्या ११ तारखेला तांबे. दुसऱ्या महिन्याच्या ११ तारखेला नाणी पाडण्याच्या कामावर अधिकारी नेमला. चारच दिवसांनी, १५ तारखेला, नवी राजधानी बांधण्याचा हुकूम. या हुकुमात गेन्मेई म्हणते, की राजधानी हलवण्याची तशी घाई नव्हती, पण सगळे मंत्री म्हणतात तर त्यांचा विचार डावलता येत नाही. राज्यकर्त्याच्या हुकुमात असा नाराजीचा सूर क्वचित उमटतो, त्यामुळे तो माझ्या लक्षात राहिला आहे. जुनी राजधानी फुजिवारा-क्यो ६९४ मध्ये वसली होती, म्हणजे चौदा वर्षांची. नवी हेइजो-क्यो, आजच्या नारा शहराजवळची. मुख्य नगर पूर्व-पश्चिम सुमारे साडेचार किलोमीटर, उत्तर-दक्षिण पाच किलोमीटरच्या आसपास, आणि मधोमध सुमारे ७५ मीटर रुंद सुझाकु राजरस्ता. नमुना चीनच्या तांग घराण्याच्या राजधानीचा, चांगआनचा. ७१० च्या तिसऱ्या महिन्यात दरबार तिथे राहायला गेला. म्हणजे हुकुमापासून दोन वर्षांत. बांधकाम अर्थातच तेव्हा अर्धवट होते.

एवढे शहर उभे करायचे तर हजारो मजूर हवेत. ते प्रांतांतून वेठीवर येत. त्यांना पोसायला तांदूळ आणि कापड लागे. दोन्ही जड, दोन्ही लांबून वाहून आणायचे. अशा वेळी सरकारच्या हाती तांब्याची एक चकती आली, जिची किंमत सरकारच ठरवणार आणि जिच्यातले तांबे त्या किमतीपेक्षा स्वस्त. एक नाणे म्हणजे एक मोन, आणि एक मोन ही साधारण एका दिवसाची मजुरी. हिशेब सरळ आहे. शकुन झाला नसता तरी नाणे निघालेच असते, असे मला वाटते. शकुनामुळे त्याला देवाची मान्यता मिळाली, एवढेच.

पाचव्या महिन्यात आधी चांदीचे नाणे आले, आठव्या महिन्यात तांब्याचे. नमुना तांग घराण्याच्या ६२१ च्या काइयुआन नाण्याचा: गोल चकती, मधे चौकोनी भोक, भोकाभोवती चार अक्षरे. व्यास साधारण २४ मिलिमीटर. अक्षरे वरून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने वाचायची. चौथ्या अक्षराच्या उच्चारावर अभ्यासकांत जुना वाद आहे, म्हणून काही याद्यांत नाव ‘वादो काइचिन’ दिसते आणि काहींत ‘वादो काइहो’. दोन्ही एकच नाणे, गोंधळू नका.

चांदीचे नाणे फार टिकले नाही. ७०९ पासून त्यावर बंधने आली आणि मग ते बंदच झाले. कारण उघड आहे. चांदीला स्वतःची किंमत होती, लोकांनी तिलाच धरून ठेवले असते आणि तांब्याकडे पाठ फिरवली असती. चांदीची ती नाणी आज फार दुर्मीळ आहेत. त्यांतली पाच चक्क चीनमध्ये सापडली. १९७० मध्ये शीआनजवळच्या हेजियात्सुन इथे तांगकालीन सोन्या-चांदीचे घबाड उघडले, त्यात ही जपानी नाणी होती. ती बहुधा जपानी दूतमंडळासोबत गेली असावीत.

आता ‘पहिले नाणे’. लिलावाच्या यादीतले हे विधान जुने झाले आहे. नारा प्रांतातल्या आसुकाइके इथल्या उत्खननात ‘फुहोन’ नाणी सापडली आणि जानेवारी १९९९ मध्ये ते जाहीर झाले. ही नाणी सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे वादोच्या आधीची. भोकाच्या वर-खाली दोन अक्षरे, डाव्या-उजव्या बाजूला सात-सात ठिपके, धातू तांबे आणि अँटिमनी. तिथे नुसती नाणी सापडली नाहीत, ओतकामाचे साचे आणि अर्धवट राहिलेले तुकडेही मिळाले, म्हणजे ही टांकसाळच होती. ‘यापुढे तांब्याची नाणी वापरा, चांदीची वापरू नका’ असा ६८३ चा एक हुकूम जुन्या इतिहासात आहे; तो कोणत्या नाण्याबद्दल, हे कोडे तेव्हा उलगडल्यासारखे झाले. त्याही आधी काही न लिहिलेल्या चांदीच्या चकत्या होत्या. फुहोन नाणी व्यवहारात किती फिरली यावर मतभेद आहेत. तेव्हा नेमके म्हणायचे तर वादो हे जपानचे पहिले असे नाणे, जे सरकारने मोठ्या प्रमाणावर, हुकुमांच्या जोरावर, व्यवहारात आणण्याचा प्रयत्न केला.

तो प्रयत्न कसा चालला हे पाहायचे तर हुकूम उलटे वाचावेत. सरकार एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगते, याचा अर्थ लोक ती करत असतात. वादोच्या हुकुमांची रांग लावली की न वटणाऱ्या नाण्याची कहाणी आपोआप समोर येते.

७११ च्या पाचव्या महिन्यात भाव ठरवून दिला: सहा शो (हे धान्याचे माप) धान्याला एक मोन. भाव ठरवून द्यावा लागला, म्हणजे बाजाराने तो ठरवला नव्हता. त्याच वर्षी दहाव्या महिन्यात आला या पर्वातला सर्वांत गाजलेला हुकूम: नाणी साठवा आणि दरबारी दर्जा मिळवा. सहाव्या दर्जाच्या आणि त्याखालच्या माणसाने दहा कान, म्हणजे दहा हजार नाणी, साठवली तर एक पायरी वर. वीस कान साठवली तर दोन पायऱ्या. अगदी तळाच्यांना पाच कानांत एक पायरी. पुढच्याच महिन्यात पहिल्या काही साठवणाऱ्यांना दर्जे दिलेही गेले.

हा आकडा जरा हातात घेऊन बघू. रोज एक मोन मिळवणाऱ्या मजुराने एकही न खर्चता साठवले तरी दहा हजारांना सत्तावीस वर्षे लागतील. नाण्याचे वजन तीन ग्रॅम धरले तर हा ढीग तीस किलोचा होतो. अर्थात ही योजना मजुरासाठी नव्हतीच. प्रांतांतल्या सधन घराण्यांकडे धान्य आणि कापड होते, पण त्यांना खुर्द्याशी देणेघेणे नव्हते. त्यांनी नाण्याला हात लावावा म्हणून मानाचे आमिष. साठवलेली नाणी सरकारजमा होत आणि पुन्हा मजुरीसाठी बाहेर पडत. युक्ती हुशारीची होती, पण तिच्यात एक गोम आहे. नाणे फिरावे म्हणून काढले आणि बक्षीस मात्र ते न फिरवणाऱ्याला. लोकांनी त्यात पळवाट शोधली नसती तरच नवल. हुकुमातच तरतूद आहे, की दुसऱ्याची नाणी उसनी आणून आपली म्हणून दाखवली तर नाणी जप्त आणि एक वर्ष सक्तमजुरी, देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. ही योजना शेवटी ८०० मध्ये अधिकृतपणे रद्द झाली.

७११ च्या त्याच दहाव्या महिन्यात खोटी नाणी पाडणाऱ्याची शिक्षा वाढवली. ७०९ मध्ये ती सरकारी गुलामगिरी होती, आता शिरच्छेद. साथीदार गुलाम, कुटुंब हद्दपार, आणि माहीत असून न कळवणारे शेजारीही दोषी. तीन वर्षांत एवढी वाढ झाली, याचा अर्थ बनावट नाण्यांचा धंदा जोरात असणार. त्यात आश्चर्य नाही. ज्या नाण्यात धातू स्वस्त आणि दर्शनी किंमत जास्त, ते पाडण्यात सरकारला जो नफा तोच चोरालाही.

७१२ च्या अखेरीस प्रांतांतून येणारा कर नाण्यांत भरण्याचा दर ठरला: ठराविक मापाच्या कापडाला पाच मोन. ७१३ मध्ये सांगितले, की प्रांताखालच्या परगण्याचा अधिकारी व्हायचे तर माणूस कितीही लायक असो, पदरी सहा कान नाणी हवीतच. भातखाचरांचा व्यवहार नाण्यांतच करायचा; दुसरी वस्तू दिली-घेतली तर जमीनही जप्त आणि ती वस्तूही. शेवटी ७१४ मध्ये: खरे नाणे ओळखूनही ते नाकारणाऱ्याला शंभर फटके. खोटे असेल तर दोघांसमोर फोडून बाजार अधिकाऱ्याकडे जमा करायचे. आमिष, सक्ती, मग फटके, अशी ही चढती भांजणी. नाणे निघून सहा वर्षे झाली तरी बाजारातला माणूस ते हातात घेऊन निरखत होता आणि परत करत होता.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद ७१२ च्या पहिल्या महिन्याची आहे. कामावरून घरी परतणाऱ्या मजुरांची शिधा वाटेत संपते, ते उपाशी पडतात, मरून ओढ्यानाल्यांत पडलेले असतात, असे दरबार स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि प्रांताधिकाऱ्यांना त्यांना खाऊ घालण्याचा, मेलेल्यांना पुरण्याचा आणि त्यांची नावे गावी कळवण्याचा हुकूम देतो. त्याआधीच्या वर्षी, ७११ मध्ये, राजधानीच्या कामावरून मजूर पळून जातात आणि बंदी घातली तरी थांबत नाहीत, अशी नोंद आहे. ७०९ मध्ये जमीन सपाट करताना जुनी थडगी उघडी पडत होती, तर ती पुन्हा नीट पुरा, असे बांधकाम खात्याला बजावले होते. नारा शहराच्या सरळसोट रस्त्यांचे कौतुक वाचताना हे तीन हुकूम शेजारी ठेवावेत.

सरकारने यावर शोधलेला उपाय पुन्हा नाणेच होता. ७१२ च्या दहाव्या महिन्यात सांगितले, की वाहतूक करणाऱ्यांनी आणि मजुरांनी धान्याचे ओझे वाहू नये, नाण्यांची पुरचुंडी जवळ ठेवावी आणि वाटेत धान्य विकत घ्यावे. विचार अगदी बरोबर. पण पुरचुंडी घेऊन निघालेल्याला वाटेत विकणारा कुठे भेटायचा? म्हणून ७१३ मध्ये सधन घरांना सांगावे लागले, की रस्त्याच्या कडेला तांदूळ विक्रीला ठेवा. वर्षाला शंभर कोकु (हे तांदळाचे मोठे माप) विकणाऱ्याचे नाव थेट दरबारात कळवले जाईल. दुकाने आधी आणि पैसा नंतर, असा क्रम सहसा असतो. इथे पैसा आधी निघाला आणि मग त्याला घेणारी दुकाने हुकुमाने उभी करावी लागली.

तरीही नाणे अगदीच वाया गेले, असे नाही. राजधानीत आणि आसपासच्या प्रांतांत ते चालले. १९८८ मध्ये नारात राजपुत्र नागाया याच्या वाड्याच्या जागेवर लाकडी पट्ट्यांचा प्रचंड साठा सापडला, सुमारे ३५,००० पट्ट्या, आणि त्यांचा काळ नेमका वादो आणि त्यालगतची वर्षे. या पट्ट्या म्हणजे घरखर्चाच्या चिठ्ठ्याच. दूध घेऊन येणाऱ्या माणसाला इतका तांदूळ. कुत्र्यांसाठी इतका तांदूळ. सारस पाळणाऱ्याला इतका. डोंगरातल्या बर्फघरातून बर्फ आल्याच्या नोंदी. देशातल्या बड्या घराचा खालचा सगळा कारभार मापट्यावर चाललेला दिसतो. पण त्याच साठ्यात दुकानाच्या विक्रीची चिठ्ठीही आहे, आणि तिथे भाताचा डबा मोनमध्ये विकला जातो. एकाच घरात नोकराला तांदूळ आणि गिऱ्हाइकाकडून नाणे. वादोची खरी अर्थव्यवस्था मला या दोन चिठ्ठ्यांमध्ये दिसते; हुकुमांमध्ये फक्त सरकारची इच्छा दिसते.

लोकांनी नाण्याचा स्वतःचा उपयोगही शोधला. हेइजो-क्योच्या उत्खननात बाळाची वार पुरलेली मडकी मिळाली आहेत, आणि त्यांत वादो नाण्यांबरोबर शाईची वडी आणि कुंचला आहे. पोर लिहिते-वाचते व्हावे, सरकारी कारकून व्हावे, अशी आई-बापांची आस. कोफुकु-जी मंदिराच्या मुख्य सभागृहाच्या पायात भूमिशांतीसाठी पुरलेल्या वस्तूंमध्येही ही नाणी आहेत. बाजारात हुज्जत घालून घेतले जाणारे नाणे देवाला आणि बाळाला मात्र विनातक्रार वाहिले गेले.

वादोतल्या बाकी घडामोडी इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळतील, म्हणून भरभर सांगतो. ७१२ मध्ये ओ नो यासुमारोने ‘कोजिकी’ सम्राज्ञीला सादर केले, जपानच्या पुराणकथांचा आणि राजवंशाचा हाती असलेला सर्वांत जुना इतिहासग्रंथ. ७१३ मध्ये प्रत्येक प्रांताला आपली माहिती लिहून पाठवण्याचा हुकूम झाला: गावांना शुभ अक्षरांची नावे द्या, चांदी, तांबे, रंग, वनस्पती, प्राणी काय मिळते ते लिहा, जमीन कशी आहे, जुन्या कथा कोणत्या. यांतून ‘फुदोकी’ तयार झाली. जवळजवळ पूर्ण अवस्थेत उरली ती फक्त इझुमोची. उत्पन्नाच्या यादीत खनिजे किती वर आहेत हे नजरेतून सुटू देऊ नका. नवे प्रांत काढले, ईशान्येला एमिशी लोकांविरुद्ध सैन्य पाठवले. आणि यासुमारोबद्दल एक धातूचीच गोष्ट: १९७९ मध्ये नाराजवळच्या चहाच्या मळ्यात त्याची कबर सापडली, आणि आत तांब्याची पट्टी, ४१ अक्षरांची, नाव-दर्जा-मृत्यूदिन लिहिलेली. त्या पट्टीमुळे, हा माणूस खराच होऊन गेला का, ही शंका संपली.

७१५ मध्ये गेन्मेईने गादी सोडली आणि मुलगी गेन्शो बसली. शुभ कासव दिसले म्हणून पर्वाचे नाव रेइकी झाले. तांबे मागे पडले. पण नाणे वादोच राहिले, आणि तुमच्या लिलावाशी संबंधित सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. वादो नाणी ७६० मध्ये नवे नाणे येईपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, पाडली जात होती. ओमी, कावाची, पश्चिमेकडचे नागातो, अशा अनेक ठिकाणी. नागातोच्या टांकसाळीचे साचे आजही आहेत. बऱ्याच नाण्यांमधल्या शिशाची तपासणी केली (धातू कुठल्या खाणीचा हे शिशावरून कळते) तेव्हा तांबे त्याच भागातल्या, आजच्या यामागुचीतल्या, नागानोबोरी खाणीकडचे निघाले. चिचिबुचे तांबे पर्वाला नाव देऊन गेले. नाण्यात ते फारसे गेले नसावे. तेव्हा नुसते ‘वादो’ वाचून ‘७०८’ लिहिणे म्हणजे शिवराई दिसली की ती खुद्द महाराजांच्याच टांकसाळीतली ठरवण्यासारखे.

७६० च्या नाण्याला सरकारने दहा वादो नाण्यांची किंमत दिली. तोच खेळ पुढे चालत राहिला: नवे नाणे, जुन्याच्या दहापट किंमत, आणि धातू अधिकाधिक हलका. वादो धरून अशी बारा नाणी निघाली, शेवटचे ९५८ मध्ये. त्यानंतर कित्येक शतके जपानच्या सरकारने स्वतःचे तांब्याचे नाणे पाडलेच नाही. बाजार चीनच्या नाण्यांवर चालला, ते १६३६ च्या कान’एइ नाण्यापर्यंत.

आता ते लिलावातले नाणे. वादोचे ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. जुने वादो: जाडसर, अक्षरे काहीशी ओबडधोबड, पृष्ठभाग खडबडीत. नवे वादो, साधारण ७२० च्या आसपासपासूनचे: पातळ, अक्षरे रेखीव, कडा नेटक्या. बाजारात जे येते ते बहुतेक नवे. जुने म्हणून दावा असेल तर तो छायाचित्रावर कधीही मान्य करू नका.

ठोकलेल्या नाण्यांची सवय असलेल्या आपल्या संग्राहकांची इथे चूक होते. ही नाणी ओतीव आहेत. साच्यात एका दांड्याला फांद्यांसारखी जोडलेली नाणी ओतत, मग तोडून चौकोनी भोकातून दांडी घालत आणि कडा एकदम कानशीने घासत. त्यामुळे कड पाहणे महत्त्वाचे: घासल्याच्या खुणा असायला हव्यात, त्यांवर जुनी हिरवट-तपकिरी पुटी चढलेली असायला हवी, आणि भोकाचे कोपरे यंत्राने कापल्यासारखे धारदार नसावेत. पुटी फक्त अक्षरांच्या खोबणीत आणि उंचवटे चकचकीत, असे असेल तर संशय घ्या. नकला दोन जातीच्या: एदो काळापासून (१६०३ ते १८६८) हौशी संग्राहकांसाठी ओतलेल्या, आणि हल्लीच्या स्मरणवस्तू. पहिल्या जातीच्या नकला शंभर-दोनशे वर्षे जुन्या असतात, त्यांची पुटी खरीच असते, त्यामुळे त्या जास्त फसवतात.

विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे जवळून घेतलेले फोटो, ग्रॅममध्ये दोन दशांशांपर्यंत वजन, व्यास, आणि नाणे याआधी कुणाच्या संग्रहात होते याचा कागद मागा. जपानमधल्या जाणकार संस्थेचा दाखला असेल तर तो त्या संस्थेकडून पडताळून घ्या. यातले काही द्यायला तो कां-कू करत असेल तर बोली लावू नका. नुसती चौकोनी भोकाच्या नाण्याची हौस असेल तर तांगचे काइयुआन घ्या. वादोचा तो मूळ नमुना आहे, भरपूर मिळतो, आणि बरेच स्वस्त पडतो.